बोल्झानो उर्फ बोझन: ओत्झी बघून लगेच पळू नका

म्युनिकहून थेट ट्रेनने चारेक तासांत उत्तर इटलीतल्या बोल्झानोला पोचलो. ब्रेनर खिंडीत ऑस्ट्रिया संपून इटली लागते पण कळतसुद्धा नाही, घरं तीच, चर्चचे मनोरे तेच. स्टेशनवर पाटी बघितली तर इटालियन नाव बोल्झानो आणि जर्मन नाव बोझन दोन्ही, बायको म्हणे दोन गावांचं मिळून एकच स्टेशन केलंय की काय!

बहुतेक पब्लिक येतं ते ओत्झीसाठी, म्हणजे १९९१ मध्ये बर्फात सापडलेला सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस. बघाच, पण संग्रहालयात एका छोट्या खिडकीतून बघायचं असतं त्यामुळे रांग लागते, तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि सोमवार शक्यतो टाळा. पण खरी मजा ताल्फर नदीच्या पुलापलीकडे आहे, तिकडे फार कोणी फिरकत नाही.

अलीकडचं जुनं गाव म्हणजे कमानींखालची दुकानं, फळबाजार, आणि चौकात वाल्थर या मध्ययुगीन जर्मन कवीचा पुतळा. पुतळा १८८९चा. मुसोलिनीच्या काळात, १९३५ मध्ये, त्याला उचलून एका बागेत नेऊन ठेवला, परत आला थेट १९८१ मध्ये. झालं असं की पहिल्या महायुद्धानंतर हा भाग ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, मग जर्मन शाळा बंद, गावांची नावं बदलली, कारखाने काढून इटालियन कामगार आणून वसवले. त्यामुळे आज शहरात इटालियन बोलणारे चक्क पाऊण शहर, आणि शहराबाहेर पडलात की जिकडेतिकडे जर्मन. तिसरी भाषा लादिन, ती डोंगरातल्या खोऱ्यांत. १९३९ मध्ये तर हिटलर-मुसोलिनीने मिळून इथल्या जर्मन बोलणाऱ्यांना सांगितलं, जर्मनीत जा नाहीतर इथे इटालियन होऊन राहा. बहुतेकांनी जायचं ठरवलं, प्रत्यक्षात गेले ७५ हजारांच्या आसपास.

पूल ओलांडला की समोर मुसोलिनीच्या राजवटीने उभारलेलं १९२८चं विजयस्मारक. वर लॅटिनमध्ये कोरलंय की इथे देशाची सीमा आहे, इथूनच आम्ही बाकीच्यांना भाषा, कायदे आणि कला शिकवल्या. ज्यांच्या शाळा बंद केल्या त्यांच्याच दारात हे! पाडलं नाही, २०१४ मध्ये खाली तळघरात त्या काळच्या इतिहासाचं प्रदर्शन काढलं, फुकट आहे, तासभर ठेवा. चौकाचं नाव बदलून शांतता चौक केलं होतं, २००२ मध्ये लोकांनी मतदान करून परत विजय चौक करून घेतलं. पाट्यांची भांडणं आपल्याला काय नवीन नाहीत म्हणा.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर श्लुत्सक्राप्फन मागवा, पालक-चीज भरलेली उकडलेली करंजीच ती. कानेदेर्ली म्हणजे पावाचे गोळे, मी न विचारता मागवले आणि आत डुकराचं मांस निघालं, तेव्हा आधी विचारा. मुक्कामाच्या ठिकाणी गेस्ट पास देतात का तेही विचारा, बस-ट्रेन फुकट होते, शहरावरच्या रिटन पठारावर नेणारी केबलकारही त्यात येते.

शेवटी कोर्टासमोरची इमारत. भिंतीवर घोड्यावर बसलेला मुसोलिनी कोरलाय आणि त्यावर २०१७ पासून दिव्यांच्या अक्षरांत हाना आरेंट या जर्मन-ज्यू विचारवंत बाईंचं वाक्य, तिन्ही भाषांत: आज्ञा पाळण्याचा हक्क कुणालाच नाही. आम्ही दुपारी गेलो तर अक्षरं धड दिसेनात, जेवून परत चालत गेलो. तुम्ही अंधार पडल्यावरच जा.