बावीस मिनिटांवरचं होस्टेल

माझा मुलगा ओजस होस्टेलच्या शाळेसाठी अर्ज भरतोय असं आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "काहून? काही केलं का त्यानं?"

तिचंही बरोबरच. आमच्याकडे अमरावतीत वांड पोराला बोर्डिंगात टाकायचे. ही शाळा तशी नाही, इथे जायला पोरं धडपडतात, हे तिला पटवताना माझी दमछाक झाली. नॉर्थ कॅरोलिना स्कूल ऑफ सायन्स अँड मॅथेमॅटिक्स. 1980 साली इथे अमेरिकेत, डरहॅमला सुरू झालेली सरकारी शाळा. तिथे राहून शिकायचं ते फक्त अकरावी-बारावी; शिकणं, राहणं, जेवण सगळं राज्याच्या पैशाने. अर्ज दहावीत असताना करायचा. "आणि इमारत जुन्या दवाखान्याची आहे," हे मात्र मी उगाच बोलून गेले. वॉट्स हॉस्पिटल 1976 मध्ये बंद झालं, त्याच आवारात पुढे ही शाळा आली. दवाखाना म्हटल्यावर आईने फोन सरळ बाबांच्या हातात दिला.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पाचवीतल्या पोरांना नवोदयच्या परीक्षेला बसवायचं त्यांना वेडच होतं. हिवाळ्यात सकाळी सहाला आमच्या ओट्यावर कानटोप्या घातलेली सात-आठ पोरं बुद्धिमत्तेच्या आकृत्या सोडवत बसलेली असत आणि आई कपाळाला आठ्या घालून सगळ्यांना चहा देई. एखाद्याचा नंबर लागला की त्याची पत्र्याची पेटी भरून द्यायलाही बाबाच. देशातली पहिली दोन नवोदय 1985-86 मध्ये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की जणू कोनशिला त्यांनीच बसवली.

तर त्यांना मी आमचं रडगाणं सांगितलं. इथे सगळ्या राज्याची एकच गुणवत्ता यादी लावून मोकळे होत नाहीत. काँग्रेसचे, म्हणजे लोकसभेसारखे, जे मतदारसंघ आहेत, त्यांच्या हिशेबाने जागा वाटतात. आम्ही राहतो डरहॅमजवळच्या केरी गावात. आमच्या गल्लीत रोबोटिक्सच्या क्लासला न जाणारं पोरगं शोधावं लागेल. माझा नवरा तर रोज म्हणतो, पूर्वेकडे तंबाखूच्या शेतांत घर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा हसायलाच लागले. "मग हे नवोदयच झालं ना बाप्पा! जिल्ह्याच्या जागा जिल्ह्याच्या पोराइले. त्यातही पंचाहत्तर टक्के खेड्यातल्याइले. तुमचे शहरवाले तवाही असेच रडत."

यावर काय बोलणार? त्या ओट्यावर चहा पिऊन मीही मोठी झालेय.

अर्जात मार्क, शिक्षकांची शिफारसपत्रं वगैरे असतंच. अडलं ते निबंधांपाशी. ओजसचा पहिला मसुदा "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" अशा थाटाचा, आणि दोष माझाच, शेजारी बसून मीच सुचवत होते. 'माझा आवडता छंद' लिहून वाढलेली बाई दुसरं काय सुचवणार?

दुसऱ्यांदा त्याने मला खोलीतून बाहेर काढलं आणि एसीच्या पाण्यावर लिहिलं. आमच्या घरामागे एसीचा पाइप टपकतो, त्याखाली मी बादली ठेवते आणि ते पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घालते. इथला जुलै म्हणजे कोकणासारखा दमट. त्याने बादलीला आतून मार्करने रेघा मारल्या आणि रोज सकाळी पाणी किती आणि हवेतली आर्द्रता किती हे वहीत टिपलं. ती वही मी पाहिलीय. एका पानावर नुसतं एवढंच, "बादली ओसंडली. आकडा नाही." पुढच्या पानावर दोन बादल्या जोडणाऱ्या नळीचं चित्र. ओसंडल्याचं काढून टाक, असं मी म्हटलं. त्याने ठेवलं. बरं झालं, निबंधात तेवढंच एक वाक्य वाचून मला हसू आलं.

खरी भांडणं झाली ती पसंतीवरून. शाळेचा दुसरा परिसर 2022 पासून मॉर्गन्टनला, डोंगरांच्या पायथ्याशी. डरहॅम आमच्या दारापासून बावीस मिनिटांवर, मॉर्गन्टन पावणेतीन तासांवर. मला वाटलं, फक्त डरहॅम लिहील. बावीस मिनिटं म्हणजे वरणाचा डबा गरम पोचतो. ओजस म्हणाला, दोन्ही लिहिणार. नवरा म्हणाला, लिहू दे. माझ्या पोटात गोळा आला, पण ते बोलून दाखवलं नाही. उठून भांडी घासली, मशीन रिकामं असताना.

जानेवारीत अर्ज गेला. निकाल वसंतात.

काल बाबांचा फोन आला. तब्येत, थंडी, संत्र्याचा भाव झाल्यावर म्हणाले, "पोरी, कुलूप घेतलंस का?"

"बाबा, अजून निकाल कुठे लागलाय."

"निकालाचं राहू दे. दोन किल्ल्यांचं घेजो. एक तुझ्याजवळ ठेव."