होस्ट फॅमिलीच्या घरातला पहिला आठवडा

परदेशात शिकताना होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या घरात ठेवून घेणाऱ्या स्थानिक कुटुंबाकडे, राहायचं ठरलं की व्हिसा आणि विमानाच्या तिकिटाची तयारी चोख होते, पण घरात पाऊल टाकल्यावर काय विचारायचं याची यादी कोणी करत नाही. बहुतेक कुरबुरी गरम पाणी, ओली जमीन आणि न कळवता चुकवलेलं जेवण यांवरून सुरू होतात. हे सगळं पहिल्या तीन-चार दिवसांत मोकळेपणाने विचारता येतं. तोच प्रश्न महिन्याभराने विचारला तर तक्रारीसारखा ऐकू येतो.

सुरुवात बाथरूमपासून करा. अनेक घरांत गरम पाणी टाकीत साठवलेलं असतं. साध्या शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी जातं, म्हणजे २० मिनिटांच्या अंघोळीला १६० ते २०० लिटर. त्यात थंड पाणी मिसळलेलं असलं तरी १५० लिटरच्या टाकीतलं निम्म्याहून जास्त गरम पाणी एकट्याने संपतं. टाकी पुन्हा तापायला तास-दोन तास लागू शकतात, आणि सकाळी कामाला निघालेल्या माणसाच्या वाट्याला गार पाणी येतं. म्हणून घरातले कोण किती वाजता अंघोळ करतात ते विचारून आपली वेळ ठरवा आणि पाच-सात मिनिटांत आटपा.

दुसरी गोष्ट जमिनीची. तिकडच्या कित्येक बाथरूममध्ये टबाबाहेरच्या जमिनीला पाणी जायला जाळीच नसते. शॉवरच्या पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत सोडायचं; बाहेर राहिलं तर पाणी फरशीच्या कडेने खाली मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छताला डाग पडतो. दुरुस्तीचा खर्च मोठा असतो, त्यामुळे होस्ट यावर चिडतात ते साहजिक आहे. अंघोळ झाली की जमीन पुसा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा १५-२० मिनिटं चालू ठेवा, नाहीतर कोपऱ्यांत बुरशी धरते.

कपडे धुण्याचा वार आणि मशीनचा प्रोग्रॅम विचारून घ्या. ड्रायर असेल तर त्याच्या जाळीतला कापसासारखा लिंट दर वेळी काढायचा. तो साचला तर कपडे वाळत नाहीत आणि आगीचाही धोका असतो. लोकरीचे कपडे ड्रायरमध्ये टाकू नका, आटतात.

जेवणाबाबत नुसतं ‘मी शाकाहारी आहे’ म्हणून भागत नाही. काही लोकांच्या लेखी मासे त्यात बसतात, सूपमधलं मांसाचं पाणी तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. काय खात नाही ते एकेक नाव घेऊन लिहून द्या: मांस, मासे, अंडी, मांसाचा स्टॉक, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला, जेलीत वापरतात तो पदार्थ). ॲलर्जी असेल तर ती वेगळ्या ओळीत, आणि त्रास झाल्यास कोणतं औषध द्यायचं तेही लिहा. जेवायला येणार नसाल तर स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी मेसेज करा. हा एक मेसेज मला घरभाड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

किल्लीला पत्त्याची चिठ्ठी लावू नका. हरवली तर त्याच दिवशी सांगा. कधी कधी कुलूपच बदलावं लागतं.

करारात चार गोष्टी शोधा: आठवड्याला किती जेवणं, इंटरनेट आणि वीज धरली आहे का, डिपॉझिट किती, आणि घर सोडायची सूचना किती दिवस आधी द्यायची. पासपोर्ट स्वतःकडेच ठेवा. देशागणिक नियमही वेगळे असतात. अमेरिकेत जे-१ व्हिसावर (एक्स्चेंज कार्यक्रमांचा व्हिसा) शाळेत शिकणाऱ्या मुलाला स्वतंत्र पलंग मिळायलाच हवा, घडीचा किंवा हवा भरायचा चालत नाही. शिवाय कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेच्या माणसाने दर महिन्याला मुलाशी बोलणं बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालचं मूल जवळचे नातेवाईक नसलेल्यांकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर सहसा स्थानिक कौन्सिलला कळवावं लागतं.

घर जमत नसेल तर आधी होस्टशी बोला, मग कोऑर्डिनेटरला (राहण्याची सोय बघणाऱ्या संस्थेच्या माणसाला) तारखांसह लेखी कळवा. ‘मला इथे आवडत नाही’ यावर कोणाला काही करता येत नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत पाच वेळा ठरलेलं जेवण मिळालं नाही’ यावर करता येतं. मात्र कोणी अंगचटीला आलं, धमकावलं किंवा खोलीत कोंडलं, तर हा क्रम विसरा. आधी घराबाहेर पडा. जीवाला धोका असेल तर थेट आपत्कालीन नंबर लावा: युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००.

घर बदललं की नवा पत्ता कॉलेजला आणि बँकेला कळवा. जर्मनीत तो दोन आठवड्यांत सरकारदरबारी नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. तो राहायला गेल्या दिवशीच मागून ठेवा.