जाझमधील व्हायोलिन आणि एक विद्यार्थिनी

अंबाजोगाईत व्हायोलिन शिकवताना पालक मला हमखास विचारतात, ‘सर, यात पुढे काय?’ गायकांची साथ, आकाशवाणीची श्रेणी, शाळेतील संगीतशिक्षकाची नोकरी, ही उत्तरे तयार असतात. परंतु यंदा एका विद्यार्थिनीला जाझ, म्हणजे आयत्या वेळी सुचण्यावर भर देणारे अमेरिकी संगीत, वाजवायचे आहे, म्हणून तिच्या वडिलांशी बोलण्यापूर्वी मी ज्याँ-लुक पाँती या फ्रेंच जाझ व्हायोलिनवादकाच्या उमेदवारीची वर्षे पुन्हा तपासली.

पाँतीचा जन्म 1942 चा. वडील व्हायोलिन शिकवत, आई पियानो. पॅरिसच्या काँझर्व्हात्वार या संगीत महाविद्यालयातून 1960 मध्ये प्रथम पारितोषिक घेऊन तो बाहेर पडला आणि लामुरे वाद्यवृंदात तीन वर्षे वाजवत राहिला, म्हणजे आपल्या भाषेत ‘चिकटला’. त्याच काळात जाझचे वेड लागले आणि वाद्यवृंदाचा कार्यक्रम आटोपला की त्याच औपचारिक पोशाखात तो पॅरिसच्या जाझ क्लबांत वाजवायला जाऊ लागला. अडचण अशी की, जाझच्या वाद्यमेळात व्हायोलिनची जागा ठरलेली नसते आणि ट्रम्पेट व ड्रमसमोर त्याचा नाजूक आवाज बुडतो. आवाजाचा प्रश्न ध्वनिवर्धकाने सुटला (अमेरिकी जाझ व्हायोलिनवादक स्टफ स्मिथने तो मार्ग आधीच दाखवला होता); जागेचा प्रश्न पाँतीने वाजवण्याच्या ढंगानेच सोडवला. स्वरावरचा कंप कमी करून त्याने सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटची स्वरवाक्ये गजावर आणली, आणि 1966 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या मैफलीत स्टेफान ग्रापेली, स्टफ स्मिथ व स्वेन्ड अस्मुसेन या बुजुर्ग जाझ व्हायोलिनवादकांच्या बरोबरीने तो उभा राहिला, तेव्हा त्याचे वय अवघे 24 होते.

जाझ आपल्याला परके, असे म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो, 1935 मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवायला आलेल्या अमेरिकी वाद्यमेळाचा प्रमुख लिऑन अॅबी स्वतः व्हायोलिनवादकच होता.

माझ्या या विद्यार्थिनीजवळ मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आहे, गमक (स्वराचे आंदोलन) आहे, आयत्या वेळी सुचलेले मांडण्याची सवय आहे. खरी उणीव निराळी आहे. तानपुऱ्यावर षड्ज अढळ असतो, तर जाझमध्ये खालची स्वरसंगती (एकत्र वाजणारे स्वर, म्हणजे कॉर्ड) दर एक-दोन मात्रागटांनी बदलते आणि प्रत्येक बदलाबरोबर कोणता स्वर शोभेल हे क्षणात ठरवावे लागते. शिवाय सा-प-सा-प असे जुळवलेले वाद्य सोडून पाश्चात्त्य पद्धतीने, चारही तारा पंचमाच्या अंतराने लावायच्या, म्हणजे बोटांच्या जागा नव्याने बसवणे आले.

म्हणून वडिलांना मी सांगितले, ‘तिला आधी कीबोर्ड घेऊन द्या, स्वरसंगती कानात मुरल्याशिवाय पुढचे काही नको. मराठवाड्यात या वादनाला श्रोता नाही. मुंबई-पुण्यातही नुसत्या मैफलींवर घर चालणार नाही, ध्वनिमुद्रण आणि शिकवण्या यांचा आधार लागेल.’ त्यांनी सर्वांत आधी कीबोर्डची किंमत विचारली, आणि मला ते लक्षण चांगले वाटले.