दिवाडीच्या कोपेलांतील ओल

पावसाळा सरल्यावर जुन्या जांभ्याच्या भिंतींची तपासणी करणे हे माझे दरवर्षीचे काम आहे. गेल्या ऑक्टोबरात त्यासाठी जुने गोवे येथून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर गेले. वाड्यावाड्यांवरची चार कोपेले (लहान ख्रिस्ती प्रार्थनाघरे) त्या दिवशी पाहायची होती आणि ती मी पायीच गाठली, कारण खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून चालताना जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा आणि नदीचे खारे पाणी कुठवर पोचते हे जसे उमगते तसे गाडीत बसून उमगत नाही.

पहिल्या दोन कोपेलांत पागोळ्यांचे पाणी पायाशी साचत होते, एवढेच. चर खोदला की भागणार होते. तिसरे कोपेल शेताच्या कडेला होते. लहानसे, मंगळुरी कौलांचे, पाहताच हलाखीचे वाटावे असे. वाड्यावरचे एक वृद्ध गृहस्थ दर फेस्ताआधी (कोपेलाच्या सणाआधी) भिंतींना चुन्याचा हात देतात, याखेरीज तिथे कित्येक वर्षांत काही झालेले नव्हते. मी भिंतीला तळहात लावला, तर ती कोरडी होती. चुन्याचे पांढरे बोटांना लागले.

जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतले पाणी तो वर ओढून घेतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जाते, आणि सोबत आलेले मीठ चुन्याच्या थरावर फुलते. तो थर झडतो, दगड वाचतो, दुसऱ्या वर्षी पुन्हा चुना लावायचा. नदीपलीकडे नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करविलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे (त्या दैवताचे मूळ स्थान याच बेटावर होते). तेही जांभा आणि चुना यांचेच. गोव्यातले गवंडी देऊळ बांधोत की कोपेल, त्यांचे हे शहाणपण एकच होते, असे मला तिथे चालताना पुन्हा पुन्हा जाणवत राहिले.

चौथ्या कोपेलाची किल्ली घेऊन एक आंटी माझी वाट पाहत उभ्या होत्या. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे, आणि त्याने पाठवलेल्या पैशांतून तीन वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, चार फुटांपर्यंत टाइल्स आणि वर चकचकीत रंग झाला होता. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. टाइल्सच्या वर मात्र रंगाला फुगे आले होते. परवानगी घेऊन मी तळहाताएवढा गिलावा छिन्नीने काढला. आतला चिरा काळपट लाल, ओलाकिच्च झालेला होता. माझे बोट पेरभर आत गेले आणि ओली माती टाइल्सवर ओघळली.

आंटींनीही बोट घालून पाहिले. मग हळूच विचारले, "बाय, म्हणजे आम्हीच हे केले?"

असे प्रसंग मला सर्वांत जड जातात. सिमेंट आणि टाइल्समुळे पाण्याची वाट बंद झाली आणि ते अडून आणखी वर चढले, हे मला सांगावेच लागले. कामाआधी दगड कोणता आहे याची चौकशी कोणीतरी करायला हवी होती. तो दोष श्रद्धेने पैसे देणाऱ्यांचा नव्हे, हेही मी सांगितले, आणि ते केवळ समजूत घालण्यासाठी म्हटले नव्हते. सगळा गिलावा आणि टाइल्स काढून पुढच्या पावसाळ्यापर्यंत भिंती उघड्या वाळू द्याव्या लागतील, कुजलेले चिरे बदलावे लागतील, मगच चुना लावता येईल.

त्या बराच वेळ वेदीकडे पाहत राहिल्या. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, संध्याकाळी वाडा तिथे जमणार होता. शेवटी त्यांनी मेणबत्त्यांची पेटी उचलली, बाकांवरची ओली माती पदराने पुसली आणि मला म्हणाल्या, "तिसऱ्या कोपेलाला चुना कोण लावतो, त्याला उद्या बोलावते. आज रोझरी खुरसाकडे (क्रुसाकडे) म्हणू."