नावाची तीट

भावाला मुलगा झाला आणि आत्या म्हणून माझा मान एकदाचा माझ्या वाट्याला आला. पाळण्याशी वाकायचं, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचं आणि नाव सांगायचं. नाव ठरवायचं काम मात्र आता आत्याकडे नसतं. ती यादी वहिनीच्या मोबाइलमध्ये होती.

बाळ आर्द्रा नक्षत्रावरचं, तिसऱ्या चरणातलं. आर्द्राच्या चार चरणांची अक्षरं कु, घ, ङ, छ. म्हणजे आमच्या वाट्याला 'ङ'! ज्याने ही वाटणी केली त्याच्या घरी बारसं कधी झालं नसावं. गुरुजींनी 'घ'वर तडजोड केली, नावरस नाव घनश्याम लिहिलं आणि म्हणाले, हाकेचं तुम्हाला हवं ते ठेवा.

वहिनीची यादी आरव, विहान, कियान, रेयांश अशी. प्रत्येक नावापुढे अर्थ. आरवपुढे होतं 'शांत'. शाळेत संस्कृत घेतल्याची खोड जात नाही. मी आपट्यांचा कोश काढला. आरव म्हणजे आवाज, ओरडा! शांत हवा असेल तर 'अरव' म्हणावं लागेल. एका कान्याने पोरगं घर डोक्यावर घेतं. विहान चोख निघालं, त्याचा अर्थ पहाट. हिंदी मुलुखात अजून 'बिहान' म्हणतात. कियान थेट इराणच्या कयानी राजांकडे जातं. रेयांशमध्ये अंश आहे खरा, पण कशाचा ते कोशालाही ठाऊक नाही. इंग्रजी 'रे'ला कुणीतरी संस्कृत शेपूट जोडलं असावं, असा माझा संशय. शेपटावरून आठवलं, ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अजीगर्त ऋषीच्या तीन मुलांची नावं शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ कुत्र्याचं शेपूट. वेगळं नाव हवं तर हे घ्या, वर्गात दुसरा सापडणार नाही, असं मी सुचवलं. वहिनी दोन दिवस बोलली नाही.

आमच्या जुन्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव आहे, 'धोंडू बिन भिकू'. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. धोंडू, दगडू, उकिरडा, भिकाजी, कोंडिबा. काय ही नावं! आजीने एकदा सांगितलं, पणजोबांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. देवी, पटकी, घटसर्प, काहीही यायचं आणि पाळणा रिकामा करून जायचं. मग चौथ्याला असं नाव द्यायचं की सटवाईने, दृष्टीने, मरणाने त्याच्याकडे ढुंकून बघू नये. दगड कोण उचलून नेणार? कुणी पोर शेजारणीच्या ओटीत टाकून भीक म्हणून परत मागायचं, तो भिकू. कुणी मूठभर कोंडा देऊन आपलंच मूल विकत घ्यायचं, तो कोंडाजी. गालावर काजळाची तीट लावतात ना, तशी ती नावाला लावलेली तीट. आणि १६७३ मध्ये अवघी साठ माणसं घेऊन पन्हाळा घेणारा वीरही कोंडाजीच, कोंडाजी फर्जंद.

धोंडो केशव कर्वे १८५८ मध्ये जन्मले आणि १९६२ मध्ये गेले. एकशे चार वर्षं! इतकं टिकाऊ नाव दुसरं दाखवा. (प्रत्येक धोंडो दगडातूनच आला असंही नाही म्हणा. काशीच्या गणपतीला धुंडिराज म्हणतात, आणि दादासाहेब फाळक्यांचं पाळण्यातलं नाव तेच.)

आर्द्राची देवता रुद्र. शतपथ ब्राह्मणात त्याची गोष्ट आहे. नुकतंच जन्मलेलं मूल रडत असतं. प्रजापती विचारतो, का रडतोस? मूल म्हणतं, मला नाव नाही, नाव दे. रडला म्हणून तो रुद्र. पण तेवढ्याने त्याचं भागत नाही. शर्व, पशुपती, उग्र, अशनी, भव, महादेव करत तो आठव्या नावापर्यंत मागतच राहतो. तिथेच पुढे म्हटलंय की मुलगा जन्मला की त्याला नाव द्यावं, त्याने त्याचं अनिष्ट टळतं. दुसरंही द्यावं, तिसरंही. आजीने शतपथ कुठे ऐकला असणार, पण तिचं म्हणणं हेच होतं.

शेवटी ठरलं 'ईशान'. ते त्या आठांतलं आठवं नाव, हे मी कुणाला सांगितलं नाही. नाहीतर वहिनीने तेही खोडलं असतं.

बारशाला 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, बायकांनी माझ्या पाठीत परंपरेने धपाटे घातले, मी वाकून कानात 'ईशान' म्हटलं. बाळाने टाहो फोडला. मी 'घनश्याम' म्हटलं, टाहो वाढला. मग पाळण्यात आणखी आत वाकले आणि हळूच म्हटलं, 'धोंडू'.

गप्प झाला. वहिनी म्हणते, दुपटं ओलं झालं होतं ते तिने त्याच वेळी बदललं, म्हणून.