४५४ ची फेरबांधणी: पिस्टन मागवण्याआधीचं गणित

ब्लॉक धुऊन आला आणि गेले तीन रविवार मी फक्त मोजतोय. अजून एकही नवा भाग मागवलेला नाही, आणि याच टप्प्यावर हाताला सगळ्यात जास्त खाज सुटते. पण दोन आठवड्यांपूर्वी मी जे पिस्टन मागवणार होतो ते चुकीचे ठरले असते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इंजिन शेवरलेचं ४५४ घनइंची बिग-ब्लॉक. १९७० मध्ये एलएस-६ या रूपात याच इंजिनाने ११.२५:१ कॉम्प्रेशनवर (म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण इतके पट दाबून) ४५० हॉर्सपॉवर दिली, तीही ५६०० आरपीएमला. १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आणलं. माझं इंजिन त्यानंतरचं: ओव्हल पोर्टची, मोठ्या उघड्या चेंबरची लोखंडी हेड्स (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, चेंबर म्हणजे त्यातली ज्वलनाची पोकळी). मला एलएस-६ ची नक्कल करायची नाही. रस्त्यावर, साध्या पेट्रोलवर, २५०० पासून ५५०० पर्यंत भरभक्कम टॉर्क हवा. ४ इंचांच्या स्ट्रोकला (पिस्टन वरून खाली जितका सरकतो तेवढं अंतर) ६००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग मिनिटाला ४००० फूट होतो, तेव्हा पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या जुन्या रॉड्सवर त्यापुढे जाणं मला पटत नाही.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मूळ ४.२५ इंच. पाच नंबरच्या सिलिंडरमध्ये रिंग जिथवर येते तिथे ८ थाउची (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) झीज सापडली, बाकीच्यांत कमी. ३० थाउ ओव्हरसाइज केलं की सगळे साफ होतील. भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिकने तपासून घेतली, विशेषतः पिस्टनचा रेटा येतो त्या बाजूची. तिथे भरपूर माल आहे. म्हणजे बोअर ४.२८० आणि घनफळ साधारण ४६० घनइंच.

आता खरी गंमत. हेडमध्ये व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवले, भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चेंबरवर चिकटवली आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडलं. मी ११८ सीसी धरून बसलो होतो. आठही चेंबरची सरासरी १२१ निघाली. डेकचंही, म्हणजे ब्लॉकच्या ज्या सपाट माथ्यावर हेड बसतं त्याचंही, तसंच. ४ इंचांच्या स्ट्रोकचा निम्मा, ६.१३५ चा रॉड आणि १.६४५ ची पिस्टनपिनची उंची मिळून ९.७८० होतात. ब्लॉक कागदावर ९.८०० चा, म्हणजे पिस्टन डेकखाली २० थाउ राहायला हवा. माझ्या एका बँकेवर (चार सिलिंडरच्या एका रांगेवर) २० आहे, दुसऱ्यावर २४.

सपाट माथ्याचे, ३ सीसी खाचांचे पिस्टन आणि ३९ थाउचं गॅस्केट धरून हिशेब केला तर कॉम्प्रेशन ७.८:१ येतं. इतक्या कमी कॉम्प्रेशनवर मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) घातला की खालच्या आरपीएमला इंजिन मरगळतं, कारण इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि उरलेलं थोडंबहुत कॉम्प्रेशनही निसटतं. २० सीसी डोमचे, म्हणजे फुगीर माथ्याचे, पिस्टन घेतले तर ९.१:१, आणि दोन्ही डेक क्रँकच्या मध्यरेषेपासून ९.७८० वर कापले तर ९.५:१. लोखंडी हेड्सना तेवढं पुरे. उघड्या चेंबरमध्ये डोम ज्वाळेच्या आड येतो हे मला मान्य आहे. बंद चेंबरची नवी अ‍ॅल्युमिनियम हेड्स त्या बाबतीत सरस ठरतील. पण ही हेड्स याच इंजिनाबरोबर आयुष्यभर फिरली आहेत, ती मला टाकायची नाहीत.

डेक कापलं की हेड्स खाली येतात, आणि मग इनटेक मॅनिफोल्डचे पोर्ट व बोल्टची भोकं जुळतायत का हे पुन्हा बघावं लागतं. इथे फरक किरकोळ आहे, तरी कोरडी जुळणी करणारच.

कॅमबद्दल मन बदललं. आधी फ्लॅट टॅपेट ठरवला होता, ज्यात टॅपेट सपाट तळाने कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) घासतो. पण त्याच्या पहिल्या वीस-तीस मिनिटांच्या रन-इनमध्ये २००० च्या वर धरलेलं इंजिन, आजच्या तेलात कमी झालेलं झिंक आणि एखादा न फिरणारा टॅपेट, एवढ्यावर अख्खी बांधणी धुळीला मिळू शकते. म्हणून हायड्रॉलिक रोलर, ज्यात टॅपेटच्या तळाशी चाक असतं. यात एक गोष्ट विसरू नका: फ्लॅट टॅपेट कॅमच्या लोबला बारीक उतार असतो, तो कॅमला मागे दाबून धरतो. रोलरला तो उतार नसतो आणि या पिढीच्या ब्लॉकमध्ये कॅम रोखणारी प्लेटही नसते. तेव्हा कॅमला पुढे सरकू न देणारं कॅम बटण आणि न वाकणारं टायमिंग कव्हर हवंच. टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या पुशरॉडची लांबीही जुळणीच्या वेळी मोजूनच मागवेन. इथे इनटेकचे आखूड आणि एक्झॉस्टचे लांब असतात.

क्रँक फोर्ज्ड आहे, अंगावरची रुंद पार्टिंग लाइन (साच्याच्या सांध्याची खूण) पाहून खात्री झाली. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) १० थाउ अंडरसाइज होतील. ४५४ चं बॅलन्सिंग बाहेरचं असतं, त्यामुळे डॅम्पर आणि फ्लायव्हील क्रँकबरोबरच मशीनशॉपला गेले.

कार्ब्युरेटरचा हिशेब सोपा: ४६० गुणिले ६०००, भागिले ३४५६, म्हणजे जवळपास ८०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). इंजिन प्रत्यक्षात पूर्ण भरत नाही म्हणून त्याचे ८५ टक्के धरले तर ६८० येतात. ७५० चा, व्हॅक्यूम सेकंडरीचा बास.

काल डोमच्या पिस्टनची ऑर्डर दिली. ते आले की आधी एकच सिलिंडर जुळवून माथ्यावर मॉडेलिंग क्ले लावणार, क्रँक हाताने दोनदा फिरवणार आणि क्ले कापून बघणार. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला ८० आणि एक्झॉस्टला १०० थाउ अंतर मिळालं, शिवाय डोम चेंबरला कुठे टेकला नाही, तर उरलेले सात.