पोलोचे कॅलिपर घरीच रंगवले: माझा अनुभव

जुन्या स्टीलच्या चाकांवर व्हील कॅप होत्या तोवर आतलं काही दिसायचंच नाही. मग हौसेने मोकळ्या आऱ्यांची अलॉय चाकं घातली, आणि चकचकीत चाकातून मागचा तांबूस, गंजका ठोकळा, म्हणजे ब्रेकचा कॅलिपर, डोळ्यांत खुपायला लागला. गाडी दहा वर्षं जुनी पोलो, अस्सल चाकणची. दर पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात उतरायची सवय, त्यामुळे खाली जे काही बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं होतं ते सगळं गंजाने माखलेलं.

आधीच सांगून टाकतो, रंग लावला म्हणून ब्रेक काडीचाही चांगला लागत नाही. बिडावरचा हा गंज बहुतेक वरवरचा असतो. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन्ही पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरतात. यात बाहेरच्या रंगाचं काही काम नाही. तेव्हा ही निव्वळ हौस.

हौसेत भाचा सामील झाला आणि पहिलं भांडण रंगावरून. त्याला लाल हवा होता. लाल कॅलिपर म्हटलं की लोकांना रेसिंगचे ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीचं आठवतं, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन पिस्टनवालं जाडजूड धूड. आमचा बिचारा एका पिस्टनचा सरकता कॅलिपर, आणि मागे तर डिस्कच नाही, ड्रम. त्याला लाल फासणं म्हणजे लुनाला रेसिंगचा नंबर चिकटवणं. मी गडद राखाडीवर अडून बसलो. "मामा, राखाडीच करायचा तर गंज काय वाईट होता?" असं म्हणून तो दोन दिवस फुगला होता. पण गाडी माझी.

तार ब्रश, पॉलिश पेपर, मास्किंग टेप हे सगळं बोहरी आळीत मिळालं. रंगासाठी नाना पेठेत विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, "साहेब, सायलेन्सरचा स्प्रे न्या, ६०० डिग्री टिकतो." टिकत असेलही, पण कॅलिपरला ६०० लागतात कुठे? त्याच्या पोटात जे डॉट ४ ब्रेक ऑइल असतं त्याचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस ठरलेला आहे. कॅलिपरच त्याच्या पुढे तापायला लागला तर रंगाची नाही, ब्रेकची काळजी करायची. साधा ऑइलपेंट मात्र नको. घाटात तो पिवळा पडतो, मग पापुद्रे सुटतात. स्प्रे नाकारला त्याचं खरं कारण वेगळंच होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फवारा उडवायचा आणि शेजारच्यांच्या पांढऱ्या गाडीवर राखाडी ठिपके काढायचे, एवढी माझी छाती नाही. म्हणून ब्रशने लावायचा दोन भागांचा कॅलिपर पेंट ऑनलाइन मागवला, रंग वेगळा आणि हार्डनर वेगळा. महाग पडतो, पण ब्रशच्या रेघा वाळताना आपोआप बसून जातात.

काम धरलं जानेवारीत. पुण्याची कोरडी हवा रंगाला मानवते. पावसाळ्यात घासलेलं बीड रात्रीतून पुन्हा तांबूस होतं.

गाडीतल्या जॅकवर भिस्त ठेवायची नाही, हा नियम भाच्याला तोंडपाठ करून घेतला. तो जॅक चाक बदलण्यापुरता. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट सैल करायचे, मग उचलायचं, आणि खाली जॅक स्टँड लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही. पुढची बाजू उचलताना हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड. मागची बाजू उचलताना मात्र हँडब्रेकचा काही उपयोग नाही, कारण तो मागच्याच चाकांना धरतो. तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि दगड पुढच्या चाकांना.

खरं काम इथून पुढे. रंग लावायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ घासण्यात गेला. पॅडची काळी भुकटी कॅलिपरच्या प्रत्येक खाचेत बसलेली असते. ती कोरडी झटकायची नाही, फुंकायची तर नाहीच. स्वस्त पॅडमध्ये काय काय असतं याचा भरवसा नसतो, त्यामुळे तोंडाला मास्क. ब्रेक क्लीनरचा फवारा मारला की भुकटी काळ्या ओघळांनी खाली येते. खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती, ती क्षणात चिंब काळी झाली. मग तार ब्रश. मोठ्या ब्रशने सपाट भाग निघतो, पण ओतकामात उमटलेल्या आकड्यांच्या आत गंज घट्ट बसलेला असतो. तिथे भाच्याने जुना टूथब्रश आणि पॉलिश पेपरची सुरळी करून तासभर उकरलं. गंजाच्या खालून बिडाचा खरखरीत करडा रंग वर यायला लागला तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "राखाडी बरा दिसेल." शेवटी पुन्हा क्लीनर मारून कोरड्या फडक्याने पुसलं. पांढऱ्या फडक्यावर डाग येईनासा झाला की थांबायचं. त्यानंतर बोटसुद्धा लावायचं नाही. हाताचं तेल राहिलं तर रंग तिथूनच सुटतो.

कॅलिपर काढायचा की जागेवरच रंगवायचा यावर प्रत्येक मेकॅनिकचं मत वेगळं. मी काढला नाही. काढला तर तो ब्रेकच्या होजवर लोंबकळता ठेवता येत नाही, तारेने वर बांधावा लागतो, आणि त्या वेळी कोणी चुकून पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर. स्टिअरिंग एकदा इकडे, एकदा तिकडे पूर्ण वळवलं की ब्रश बहुतेक सगळीकडे पोचतो. मागची न दिसणारी बाजू राहिली तर राहिली.

टेप लावताना घाई केली नाही. पिस्टनभोवतीचं रबर, सरकत्या पिनांची रबरी टोपणं, हवा काढायचा निपल, पॅड सरकतात त्या जागा आणि अर्थात डिस्कचा घासणारा पृष्ठभाग, इथे रंगाचा थेंबही नको. आणखी एक जागा लोक विसरतात, चाक जिथे हब किंवा ड्रमला टेकतं तो मधला सपाट भाग. तिथे रंगाचा थर राहिला तर बोल्ट आवळल्यावर तो दबतो, खिरतो, आणि बोल्ट ढिले पडतात. ड्रम रंगवताना हा गोल भाग मी टेपने पूर्ण झाकला. ड्रमला मात्र काळा दिला. काळा ड्रम नजरेत येत नाही, आणि तेच हवं होतं.

हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं, काही तासांत डबा घट्ट व्हायला लागतो. म्हणून सगळं घासून, टेप लावून तयार झाल्यावरच मिसळलं, तेही सगळं नाही. पहिला हात पातळ दिला. खालचं बीड दिसत होतं, पण जाड लावायचा मोह आवरला, कारण जाड लावला की खालच्या कडेला थेंब लोंबतात. मग माहितीपत्रकात दिलेलं अंतर सोडून दुसरा हात. वास उग्र असतो. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, गॅस गळतोय का म्हणून.

रात्रभर गाडी स्टँडवर ठेवली. सकाळी टेप सोडवला आणि चाकं चढवायला घेतली. पोलोला हबमधून बाहेर आलेले स्टड नसतात, सुटे बोल्ट असतात, त्यामुळे चाक हातात धरून भोकाला भोक जुळवावं लागतं. पंक्चरवाला पायाच्या चवड्यावर चाक तोलून हे एका दमात करतो. आम्ही एक लांब स्टड तात्पुरता वरच्या भोकात पिळला आणि चाक त्यावर टांगलं. ताज्या रंगाला चाकाची आतली कड घासली नाही. बोल्ट आडवे-तिडवे आवळले आणि शेवटी ठरल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. थोडी गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासले.

पहिली फेरी सोसायटीच्या आतच, हळू, ब्रेक नीट लागतो ना हे बघत. मग सिंहगड रोड. थोडा वास आला, मग बंद झाला.

त्यानंतरचा पावसाळा निघाला. कॅलिपर तसाच आहे. डिस्कवर पावसानंतर सकाळी तांबूस थर येतो, पण तो दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो. त्यावर कुठलाही रंग चालत नाही. पॅड बदलताना गॅरेजमध्ये बोल्टजवळ पाना लागून एक टवका उडाला. न मिसळता राखून ठेवलेला रंग आणि हार्डनर बाटलीच्या झाकणात प्रमाणात मिसळले आणि कापसाच्या काडीने ठिपका भरला. छटा जुळली आहे. मागच्या डाव्या ड्रमच्या कडेला पुन्हा गंज डोकावतोय, तो येत्या थंडीत.